हिरडीतलं रक्त, बाळाची तारीख आणि मिसरीची डबी

पत्र थोडक्यात: सोलापूरच्या पूर्व भागातून लिहिणारी ही वाचक २६ वर्षांची, पहिलटकरीण. पाचवा महिना सरत आलाय. घरी मशीनवर शाळेच्या गणवेशांची शिलाई करते, सासूबाई विड्या वळतात. तिसऱ्या महिन्यात मळमळ इतकी वाढली की टूथपेस्टच्या वासानेच उलटी व्हायची. तेव्हा सासूबाईंनी तंबाखूची मिसरी दिली, 'तोंडाला बरं वाटेल' म्हणून. बरं वाटलं आणि सवय लागली. आता दिवसातून दोन-तीनदा लागते. नवऱ्याला माहीत नाही, डॉक्टरांना सांगितलेलं नाही. महिन्यापासून हिरड्यांतून रक्त येतंय. कडक भाकरी चावली की तुकड्याच्या कडेला तांबडा डाग उमटतो. मधे चार दिवस मिसरी बंद करून पाहिली तर रक्त जास्तच यायला लागलं, म्हणून पुन्हा सुरू केली. फोनवर वाचलं की हिरड्यांच्या आजाराने बाळ वेळेआधी जन्मतं. मोठ्या जाऊबाईंचं बाळ सातव्या महिन्यात झालं होतं आणि तीन आठवडे काचेच्या पेटीत होतं, त्यामुळे घरात सगळेच धास्तावलेले. दातांच्या दवाखान्याचं नाव काढलं की सासूबाई म्हणतात, 'पोटुशीनं दाताला हात लावू नये. बाळंतपणात एक दात जायचाच.' प्रश्न तीन: दात साफ करून घेतले तर बाळाला धोका आहे का? नाही घेतले तर बाळ लवकर होईल का? आणि मी आधीच काही बिघडवून ठेवलंय का?

ताई,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा ते हिरड्यांचं वाटलं. दुसऱ्यांदा लक्षात आलं की मिसरीचं तुम्ही अगदी शेवटी, 'तसं विशेष काही नाही, पण' असं म्हणून लिहिलंय. वर सारांश करताना मी ते उचलून मधे आणलं. का, ते पुढे सांगते. आधी पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं एका दमात देऊन टाकते, म्हणजे बाकीचं शांतपणे वाचाल. दात साफ करून घेण्यात बाळाला धोका नाही. आणि हिरड्यांतून रक्त येतंय एवढ्यावरून बाळ लवकर होईल, असं कुणीच सांगू शकत नाही.

मी दातांची डॉक्टर. पूर्व भागातल्या बायकांची तोंडं तपासण्यातच माझी पंचवीस वर्षं गेली, त्यामुळे भाकरीवरच्या डागाची खूण वाचून हसूही आलं. आपल्याकडे हिरडी बिघडली की ते आधी कडक भाकरीला कळतं, मग आरशाला, आणि डॉक्टरला सगळ्यात शेवटी.

दिवस गेले की अंगात प्रोजेस्टेरॉन आणि इस्ट्रोजेन वाढतं. त्याने हिरडीतल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, सैलावतात. दाताच्या मुळाशी जो पांढरट चिकट थर बसतो तो तुमच्या तोंडात लग्नाआधीही बसत होता. पण तेव्हा हिरडी त्या थरातल्या जंतूंकडे फारसं लक्ष देत नव्हती. आता एवढ्याशानेही ती सुजते. निम्म्याहून जास्त गरोदर बायकांना कमीअधिक हा त्रास होतो. साधारण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात सुरू होतो, आठव्यापर्यंत वाढत जातो आणि बाळंतपणानंतर उतरतो. काहींना दोन दातांच्या मधे लालभडक, हात लावताच रक्त येणारी मांसाची गाठ येते. बाई कॅन्सर समजून रडत येते. तो कॅन्सर नसतो, बहुतेकदा बाळंतपणानंतर आपोआप बसतो. तुम्ही गाठीचं काही लिहिलेलं नाही, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला असेल तर तिने उगाच रात्र जागून काढू नये, दाखवून घ्यावं.

ही झाली वरवरची सूज. दुसरा प्रकार पायरियाचा. त्यात दाताला धरून ठेवणारं हाड आतून झिजतं, हिरडी दातापासून सुटते, खिसे तयार होतात, त्यात पू साचतो, दात हलायला लागतात. पायरिया पाच महिन्यांत तयार होत नाही, त्याला वर्षं लागतात. तुम्हाला यातलं कोणतं आहे हे पत्रावरून कळणार नाही. बारीक सळईने दात आणि हिरडीतली खोली मोजावी लागते. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, त्यापुढे आमचं काम सुरू. पाच मिनिटांची तपासणी आहे, आणि फोनवर जे वाचलं ते तुम्हाला लागू आहे की नाही हे त्या पाच मिनिटांतच ठरतं. कारण ती सगळी चर्चा मुख्यतः पायरियाची आहे, साध्या सुजेची नाही.

आता त्या वाचलेल्याबद्दल. ते खोटं नाही, अर्धवट आहे. १९९६ साली अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या स्टीव्हन ऑफेनबाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२४ आयांच्या हिरड्या तपासल्या. ज्यांना पायरिया होता त्यांच्यात वेळेआधी झालेलं, कमी वजनाचं बाळ असण्याची शक्यता सातपटीच्या आसपास जास्त निघाली. जगभर खळबळ उडाली. कल्पना पटण्यासारखीही होती: हिरडीतले जंतू रक्तात उतरून गर्भाशयातल्या वारेपर्यंत पोचत असतील, किंवा हिरडीच्या सुजेमुळे अंगात प्रोस्टाग्लँडिनसारखी रसायनं वाढत असतील. कळा आणणारी रसायनं हीच. मीही तेव्हा शिकत होते आणि आम्हाला वाटलं, चला, आता गरोदर बाईचे दात साफ केले की अपुऱ्या दिवसांची बाळं थांबली.

तसं झालं नाही. २००६ साली अमेरिकेत पायरिया असलेल्या ८२३ गरोदर बायकांवर मोठी चाचणी झाली. निम्म्यांच्या हिरड्यांवर २१ आठवड्यांच्या आत उपचार केले, निम्म्यांवर बाळंतपणानंतर. ३७ आठवड्यांच्या आत, म्हणजे वेळेआधी, बाळंत झालेल्या बायका पहिल्या गटात शंभरात १२, दुसऱ्या गटात जवळपास १३. म्हणजे फरक नाहीच म्हणायचा. २००९ साली ऑफेनबाखर यांनीच १८०० बायकांवर चाचणी केली. स्वतःचीच कल्पना तपासायला निघालेला माणूस, आणि उत्तर तेच आलं: हिरड्या सुधारल्या, बाळंतपणाची तारीख हलली नाही.

असं कसं? आपल्या पूर्व भागातलंच उदाहरण घ्या. ज्या घरातलं विड्या वळताना मांडीवर घ्यायचं सूप जास्त झिजलेलं, त्या घरात खोकला जास्त. म्हणून नवं सूप आणलं तर खोकला जाईल का? सूपही तंबाखूच्या कामाने झिजलं आणि खोकलाही तंबाखूच्या धुळीने आला. पायरिया आणि अपुऱ्या दिवसांचं बाळ यांचंही बरंचसं असंच असावं, असं मला वाटतं. अंगावरची ओढाताण, निकस खाणं, साखरेचा आजार, तंबाखू या गोष्टी हिरडीही बिघडवतात आणि बाळंतपणही. काही तज्ज्ञ म्हणतात की गरोदरपणी उपचार करणं उशिराचं ठरत असेल, दिवस जायच्या आधीच करायला हवेत. तेही शक्य आहे. ज्या बायका अजून बाळाचा विचारच करतायत त्यांनी आत्ताच दात दाखवून घ्यावेत, असं मी म्हणेन ते यासाठी.

त्या चाचण्यांतून एक गोष्ट मात्र पक्की हाती लागली, आणि ती सासूबाईंना सांगण्यासारखी आहे. शेकडो गरोदर बायकांचे दात मुळापासून साफ केले, भुलीची इंजेक्शनं दिली, आणि त्याने बाळांना अपाय झाला नाही. तेव्हा तुम्ही दात साफ करून घ्या, पण ते तुमच्यासाठी. चावता यावं, रक्त थांबावं, तिशीत दात हलू नयेत म्हणून. बाळाची तारीख सांभाळायचा नवस म्हणून दवाखान्यात येऊ नका. नाहीतर उद्या काही कारणाने बाळ दोन आठवडे आधी आलं, तर 'दात उशिरा साफ केले म्हणून' असं स्वतःला बोल लावत बसाल.

आता डबीकडे येऊ.

तुम्ही लिहिलंय, मिसरी बंद केली तर रक्त वाढलं, म्हणजे मिसरी हिरडीला चांगली असावी. हुशार माणसाने काढावा असाच निष्कर्ष, म्हणून तर इतक्या बायका फसतात. मिसरी, कुणी मशेरी म्हणतं, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू. तिच्यातलं निकोटिन रक्तवाहिन्या आकसवतं. हिरडी आतून सुजलेलीच असते, फक्त रक्त कमी दिसतं. विडी-सिगारेट सोडलेली माणसं नेमकी हीच तक्रार घेऊन माझ्याकडे येतात, 'सोडली आणि रक्त सुरू झालं.' रक्त आधीपासून यायला हवं होतं, ते दाबलेलं होतं. तुमचे ते चार दिवस हिरडी खरं बोलायला लागली होती. आणखी दहा-बारा दिवस थांबून रोज नीट ब्रश केला असता तर डाग कमी झालेला दिसला असता.

बाळाचं सांगायचं तर, हिरड्या आणि तारीख यांचं नातं इतकं धूसर, पण तंबाखू आणि तारखेचं तसं नाही. आणि तो अभ्यास अमेरिकेतला नाही, आपल्या मुंबईतला आहे. २००४ साली तो प्रसिद्ध झाला. १२१७ गरोदर बायकांची माहिती घेतली होती. तंबाखू तोंडात धरणाऱ्या किंवा दाताला लावणाऱ्या ज्या होत्या त्यांत मिसरीवाल्याच जास्त. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं आणि बाळंतपण सरासरी सहा दिवस आधी झालं. अगदी लवकर, ३२ आठवड्यांच्याही आत बाळंत होणाऱ्यांचं प्रमाण त्यांच्यात बरंच जास्त होतं.

म्हणजे फोनवर वाचून तुम्ही ज्या दाराला कुलूप शोधताय, ते दार बहुधा तुमचं नाहीच. उघडं आहे ते शेजारचं, आणि त्याची चावी तुमच्या मशीनच्या खणात, त्या डबीत आहे.

हे वाचून छातीत धस्स झालं असेल. तिसरा प्रश्न पुन्हा डोक्यात आला असेल: बिघडवून ठेवलं का? नाही. सरासरी म्हणजे तुमच्या बाळाची कुंडली नव्हे. मिसरी लावूनही पूर्ण दिवसांचं बाळ झालेल्या कितीतरी बायका तुमच्या गल्लीतच भेटतील, आणि सासूबाई त्यातल्याच एक. शिवाय बाळाचं वजन मुख्यतः शेवटच्या तीन महिन्यांत भरतं, आणि ते तीन महिने अजून यायचे आहेत. पाचव्यात सोडलेली तंबाखू उशिरा सोडलेली नव्हे.

तुम्ही मिसरीकडे वळलात ते चैन म्हणून नाही, पेस्टच्या वासाने उलटी व्हायची म्हणून. ते कारण आजही आहे का, आधी ते तपासा. बहुतेकींची मळमळ चौथ्या महिन्यानंतर ओसरते, पण आपण जुन्या भीतीने पेस्टला हात लावत नाही. लहान मुलांचा, बारीक डोक्याचा मऊ ब्रश आणा, मागच्या दाढांपर्यंत गेला तरी ओकारी येत नाही. पेस्ट वाटाण्याएवढी, आणि वास सोसत नसेल तर सरळ नुसत्या पाण्याने ब्रश करा. थर निघतो तो घासण्याने, पेस्ट दुय्यम. सकाळी उठल्या उठल्या नको वाटलं तर न्याहारीनंतर करा. ब्रशचे केस हिरडीच्या कडेवर तिरके टेकवून हलकेच गोल फिरवा. रक्त आलं म्हणून ती जागा टाळू नका. सगळ्याजणी हेच करतात, जिथे रक्त येतं तिथला ब्रश बंद. मग थर वाढतो, सूज वाढते, रक्त आणखी वाढतं.

उलटी झाली की मात्र लगेच ब्रश नको. पोटातल्या आम्लाने दाताचं वरचं कवच मऊ झालेलं असतं, ते घासून निघतं. पेलाभर पाण्यात चमचाभर खाण्याचा सोडा टाकून चूळ भरा आणि अर्धा-पाऊण तासाने दात घासा. हिरडीवर लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवू नका, भाजते. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या पुरेत.

मिसरीची तलफ पहिले तीन-चार दिवस जोरात येते, मग दोन-तीन आठवड्यांत ओसरत जाते. चिडचिड होईल, डोकं जड होईल. तलफ आली की ती पाच-दहा मिनिटंच टिकते, तेवढ्यात बडीशेप चावा, पाणी प्या, एखादी बाही शिवून काढा. डबी घरात ठेवून 'लावणार नाही' हे जमत नाही, माझ्या एकाही पेशंटला जमलेलं नाही. १८००-११-२३५६ हा सरकारी तंबाखूमुक्तीचा फोन नंबर आहे, पैसे पडत नाहीत. निकोटिनच्या गोळ्या, च्युइंग गम वगैरे मात्र स्वतःच्या मनाने दुकानातून आणू नका, गरोदरपणी ते डॉक्टरांना विचारूनच.

आणि घरातली तंबाखू. सासूबाईंच्या रोजीवर मी बोलणार नाही, त्या सुपावर तुमच्या नवऱ्याचं शिक्षण झालं असेल. पण मिसरी भाजताना घरभर जो ठसका होतो, तेवढा वेळ तुम्ही बाहेर बसा. तंबाखूची पिशवी झोपायच्या खोलीत नको. आणि विड्या वळायला तुम्ही हात लावत असाल तर आता काही महिने नको. बाळ रांगायला लागेल तेव्हा हीच शिस्त उपयोगी पडेल.

सासूबाईंचं म्हणणं थोडं ऐकून घेऊ. 'बाळंतपणात एक दात जायचाच.' त्या खोटं बोलत नाहीत, त्यांनी ते पाहिलंय. बाळ आईच्या दातातलं कॅल्शियम ओढून घेतं, असं याचं कारण सांगितलं जातं. ते बरोबर नाही. बाळाला कॅल्शियम लागतं ते आईच्या खाण्यातून, आणि कमी पडलं तर हाडांतून मिळतं; दातातून नाही. म्हणून तर डॉक्टर कॅल्शियमच्या गोळ्या देतात (त्या आणि लोहाच्या गोळ्या एकाच वेळी घेऊ नका, एक सकाळी, एक रात्री). त्या काळी दात गेले ते बाळंतपणांमागून बाळंतपणं, प्रत्येक वेळी सुजलेली हिरडी, वर मिसरी आणि कधीच न काढलेलं कीटण यांनी. त्यांच्या वेळी दातांचा दवाखाना म्हणजे दात उपटायची जागा. 'पोटुशीनं हात लावू नये' असं त्यांना वाटलं तर नवल काय.

त्यांच्याशी वाद घालू नका, जिंकणार नाही. तुमच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांकडून केसपेपरवर 'दातांची तपासणी करून घ्यावी' एवढी ओळ लिहून घ्या. सुनेच्या बोलण्यापेक्षा डॉक्टरच्या अक्षराला घरात वजन असतं, हे काही चांगलं नाही, पण आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली गरोदर बायकांची मोफत तपासणी होते. तुमच्या आशाताईंना विचारा, त्या घेऊन जातील. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर सिव्हिलमध्ये दातांचा विभाग आहे, केगावला डेंटल कॉलेज आहे. कॉलेजात वेळ जास्त लागतो, शिकणारी मुलं हळू काम करतात, पण वर शिक्षक असतात. आणि जमलं तर सासूबाईंनाच सोबत न्या. 'तुमचंही तोंड बघून घेऊ' म्हणा. इतकी वर्षं मिसरी लावणाऱ्या बाईचं तोंड कुणीतरी उजेडात, गालाच्या आत, जिभेखाली नीट बघायला हवंच. पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर ती लवकर सापडलेली बरी.

दातांच्या डॉक्टरला आधीच सांगा, कितवा महिना आहे आणि कोणत्या गोळ्या चालू आहेत. मिसरीचंही सांगा, आमच्या चेहऱ्यावर आठी आली तरी सांगा. चौथा ते सहावा महिना कामासाठी सगळ्यात सोयीचा. पोट फार मोठं नसतं, मळमळही गेलेली असते. पण दुखणं असेल तर कोणत्याही महिन्यात उपचार करता येतात, करायलाच हवेत. भुलीचं नेहमीचं लिग्नोकेनचं इंजेक्शन चालतं. एक्स-रे गरजेचा असेल तर शिशाचा अ‍ॅप्रन घालून काढता येतो. खुर्चीत सपाट उताणं झोपवलं तर पोटाच्या भाराने मोठी शीर दबून घेरी येऊ शकते, म्हणून उजव्या कुशीखाली छोटी उशी मागून जरा डावीकडे कलून झोपा. लाजू नका, उशी मागा. दुखलं तर पॅरासिटामॉल चालते. घरात पडलेल्या आयबुप्रोफेनच्या गोळ्या नकोत, विसाव्या आठवड्यानंतर तर नकोतच. टेट्रासायक्लिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधं नकोत, बाळाच्या दातांवर कायमचे डाग पडतात. 'साफ केल्यावर दातांत फटी पडतात' हेही ऐकाल. फट तिथे आधीच असते, कीटणाने ती बुजवलेली असते.

जाऊबाईंबद्दल एकच. त्या आणि तुम्ही एका घरात आलात, एका रक्ताच्या नाहीत. त्यांचं बाळंतपण सातव्यात झालं म्हणून तुमचं होईल, याला आधार नाही. पण त्यांचं लवकर का झालं हे त्यांना विचारा. बीपी वाढलं होतं? लघवीला जंतुसंसर्ग होता? त्याही मिसरी लावत होत्या? कारण कळलं की घरातली निम्मी भीती जाईल. तुम्ही तुमचं बीपी, हिमोग्लोबिन, लघवीची तपासणी वेळेवर करा, आणि ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघतात ती तपासणी झाली नसेल तर मागून घ्या. गरोदरपणातली साखर वाढली की हिरड्या आणखी चिघळतात.

आणि हे नवऱ्यालाही वाचायला द्या: ३७ आठवड्यांच्या आत पोट ठरावीक वेळाने दगडासारखं घट्ट होणं, कंबरेत येऊन जाऊन दुखणं, पाणी जाणं, अंगावरून रक्त जाणं, बाळाची हालचाल कमी वाटणं, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. १०२ किंवा १०८ ला फोन करायचा. बाळ लवकर येण्याची चिन्हं वेळेत कळली तर आईला इंजेक्शनं देऊन बाळाची फुप्फुसं तयार करता येतात. 'सातव्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही' असं कुणी म्हणालं तर तिकडे दुर्लक्ष करा; पोटात काढलेला प्रत्येक जास्तीचा आठवडा बाळाच्या फायद्याचाच. चेहरा सुजला, ताप आला, हिरडीतून पू आला तर तेही त्याच दिवशी दाखवायचं.

मिसरीचं नवऱ्याला सांगायचं की नाही हे तुम्ही ठरवा, तुमचं घर तुम्हाला माहीत. बाळंतपणाच्या डॉक्टरांना मात्र सांगाच. तोंडाने जमलं नाही तर तुमच्या या पत्रातली ती शेवटची ओळ चिठ्ठीवर उतरवून केसपेपरात घाला.

तोवर आठ-पंधरा दिवस कडक भाकरी कोरडी चावू नका, आमटीत कुस्करून भिजू द्या. शेंगा चटणी खाल्ली की लगेच चूळ भरा, कण हिरडीत अडकतात. मग एक दिवस कोरडा तुकडा चावून कडेला बघा.